आंबेनळी उतरताना

साताऱ्याहून दापोलीला जायच्या दोन वाटा आमच्या घराच्या पायाखालच्या आहेत. एक कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरायची आणि तिथून खेडकडे वळायची. दुसरी मेढा, केळघर, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाटाने पोलादपूर. अम्मीचे माहेर दापोली तालुक्यातले. लग्न होऊन ती साताऱ्यात आली त्याला पन्नास वर्षे होत आली, पण माहेरी जायचे म्हटले की तिला आंबेनळीच लागतो. महाबळेश्वरची बाजारपेठ मागे पडली की रस्ता झाडीत शिरतो आणि खाली खाली जाऊ लागतो. कुठल्यातरी एका वळणावर हवा बदलते. अंगावरची शाल काढून तिची घडी घालत अम्मी म्हणते, "आलं कोकण." वास्तविक पोलादपूर तेव्हा चांगले तासभर लांब असते.

गेल्या शाबानात, रमजान तोंडावर आला असताना, अम्मीच्या भावाच्या नातीचा निकाह ठरला. मामू आता हयात नाहीत. त्या पिढीतली वडीलधारी म्हणून एकटी अम्मी उरलेली. तेव्हा काही झाले तरी तिला तीन वाजता निकाहच्या जागी हजर करायचे, एवढेच आमच्या डोक्यात होते. गाडी भाईजानची, अकरा वर्षांची, लहान, पेट्रोलवर चालणारी. पुढे भाईजान आणि अम्मी, मागे भाभी, आम्ही दोघे नवरा-बायको आणि आमची सात वर्षांची लेक. डिकीत कपड्यांच्या बॅगा, भांड्यांचा एक डबा आणि मेहमानांसाठी कंदी पेढ्यांचे खोके. पाच जणांच्या गाडीत सहावे माणूस लहान असले तर आपण ते मोजत नाही. गाडी मात्र मोजते.

निघण्यापूर्वीचे दीड-दोन महिने आता आठवले की आमचे आम्हालाच नवल वाटते. एकेक खूण आमच्या समोर आली होती आणि प्रत्येक खुणेला आम्ही काहीतरी सोयीचे नाव देऊन मोकळे झालो होतो.

पहिली खूण कानावर आली. पोवई नाक्यावर गाडी हळू केली की पुढच्या चाकातून बारीक, शिट्टीसारखा चिरका आवाज यायचा. भाईजान म्हणाले, "धूळ बसली असेल." गाडी धुतली. दोन दिवस आवाज ऐकू आला नाही, म्हणजे आम्ही ऐकला नाही. मग स्टिअरिंग. ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची. त्याचा दोष आम्ही रस्त्याच्या उताराला दिला, नंतर टायरमधल्या हवेला. पुढच्या डाव्या चाकाची रिम उजवीपेक्षा काळी दिसत होती. ती आमच्या लेकीने दाखवली आणि तिला आम्ही फडके आणायला पाठवले. पेट्रोलही जास्त लागत होते. भाईजान त्यासाठी पंपवाल्यावर रागावले.

शेवटी दिवा लागला. समोरच्या काट्यांच्या पट्टीवर गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा असतो, तो. वळणावर क्षणभर पेटायचा आणि सरळ रस्त्याला लागलो की विझायचा. हा दिवा हँडब्रेक ओढला की लागतो हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून हँडब्रेकचा दांडा खाली दाबून पाहिला. तरीही दिवा अधूनमधून लागतच राहिला, तेव्हा भाईजान गाडी एका गॅरेजात घेऊन गेले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, ब्रेक ऑइलची छोटी टाकी भरली आणि पाच मिनिटांत गाडी परत दिली. दिवा विझला. चाक कोणी काढले नाही आणि आम्हीही काढायला सांगितले नाही. निकाहची खरेदी राहिली होती.

निघण्याच्या आदल्या दोन दिवसांत ती शिट्टी थांबली आणि तिच्या जागी खरखर आली. दगडावर फावडे ओढावे तशी. भाईजाननी कव्वालीचा आवाज वाढवला.

सकाळी साडेसातला सफरची दुआ पढून निघालो. मेढ्यापर्यंतचा रस्ता आणि पुढे केळघरचा चढ यांत गाडीने काहीच तक्रार केली नाही. चढावर गाडी स्वतःच्याच वजनाने थांबते, ब्रेकला काम पडत नाही. त्यामुळे घाट चढून वर आलेला माणूस गाडीवर खूश असतो. महाबळेश्वरला चहा झाला, पाटीभर स्ट्रॉबेरी घेतल्या. चहाच्या टपरीपुढे किंचित उतार होता. हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी गाडी हातभर सरकली, म्हणून भाईजाननी ती गिअरमध्ये ठेवली. तेही आम्ही पाहिले.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे आणि पोलादपूर सावित्रीच्या काठी, अगदी तळाला. मधला रस्ता साधारण चाळीस किलोमीटरचा. एवढी उंची एवढ्या अंतरात उतरायची म्हणजे प्रत्येक वळणावर गाडीचा वेग कुठेतरी जिरवावा लागतो. तो जिरतो चाकातल्या डिस्कवर, उष्णतेच्या रूपाने. पावसाळ्यात हा रस्ता फारच बेभरवशाचा. २०२१च्या जुलैतल्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी खचला होता. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. त्या दुर्घटनेचा ब्रेकशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण दापोलीत अजून हा विषय निघाला की बोलणारी माणसे थांबतात, आणि अम्मी त्या पट्ट्यातून जाताना काहीतरी पुटपुटत राहते.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होते. भाईजान चौथ्या गिअरमध्ये गाडी सोडत होते आणि पाय ब्रेकवर टेकवून ठेवत होते. पुढे एक मालाचा ट्रक होता, त्याच्या मागे राहायचे म्हणून सारखे थोडे थोडे दाबणे चालू होते. घाटात बहुतेक जण असेच उतरतात. आम्हीही आजवर असेच उतरलो होतो.

वाडा कुंभरोशीचा, प्रतापगडाला जायचा फाटा मागे पडला आणि लेक म्हणाली, "काहीतरी जळतंय." भाभी म्हणाल्या, पुढच्या ट्रकचा वास आहे. आम्ही म्हणालो, फेब्रुवारी आहे, डोंगरात कुठेतरी वणवा लागला असेल. वास लाकडाचा नव्हता. जळक्या रबरासारखा, त्यात लोखंड तापल्याचा उग्रपणा. ट्रक एका रुंद जागी बाजूला थांबला आणि आम्ही त्याला ओलांडून पुढे आलो, तरी वास आमच्याबरोबर आला. तेव्हा भाईजाननी कव्वाली बंद केली.

पुढचे वळण डावीकडचे होते. त्याच्या आधी भाईजाननी ब्रेक दाबला आणि आम्ही आरशात त्यांचा चेहरा पाहिला. पाय खालपर्यंत गेला होता. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "अम्मी, दरवाज्याला धरून बसा." मग पेडल सोडून पुन्हा दाबले, पुन्हा सोडले, पुन्हा दाबले. तिसऱ्या खेपेला थोडे काहीतरी धरले. तोवर त्यांनी गिअर तिसरा टाकला, इंजिनाने गुरगुर केली, मग दुसरा, आणि गाडी मागून कोणी ओढून धरल्यासारखी मंदावली. डाव्या हाताने हँडब्रेकचे बटण दाबून ठेवत दांडा हळूहळू वर घेतला, एकदम नाही. वळणापलीकडे डोंगराच्या अंगाला मुरूम पसरलेली थोडी जागा होती. तिथे चरीच्या काठाला चाक घासत गाडी थांबली. हे सगळे किती सेकंदांत झाले ते सांगता येणार नाही. दुसऱ्या बाजूचा कठडा आम्हा सगळ्यांना नंतर बराच वेळ दिसत राहिला.

उतरून चाकांपुढे दगड लावले. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता आणि त्याच्या जवळ हात नेववत नव्हता. उजवे चाक त्या मानाने कोमट. भाभींनी पाण्याची बाटली आणली आणि चाकावर ओतणार, तेवढ्यात खालून पोलादपूरकडून एसटी आली. आमचा अवतार पाहून ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि खिडकीतून मोठ्याने म्हणाला, "ताई, पाणी नका ओतू! तापलेली डिस्क तडकेल." मग खाली उतरला. वाकून पाहिले, वास घेतला. "कितव्या गिअरात उतरत होता?" भाईजान म्हणाले, चौथ्या. "या घाटात चढताना कुठला गिअर लागतो? दुसरा, नाहीतर तिसरा. उतरतानाही तोच. गाडी इंजिनवर धरायची. ब्रेक दाबायचा तो नीट दाबायचा, वेग कमी झाला की पूर्ण सोडायचा. पाय टेकवून ठेवला की भाजतं सगळं." त्याने निदान तासभर हलू नका असे बजावले आणि अम्मीला हात जोडून निघून गेला. त्याच्या बसमधले लोक आमच्याकडे पाहत होते.

तास-सव्वातास आम्ही तिथे बसलो. स्ट्रॉबेरी खाल्ल्या. खाली दरीत ऊन उतरत होते आणि कुठेतरी भारद्वाज घुमत होता. लग्नाला निघालेल्या माणसांनी अशा जागी बसून काय बोलायचे ते कोणाला सुचेना. मग भाईजाननी जाऊन पेडल दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. पेडल वर आले होते, घट्ट, पहिल्यासारखे. "झालं ठीक. गरम झालं होतं फक्त."

हा क्षण आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण त्याचा धोका आम्हाला पोलादपूरला गेल्यावर कळला. एसटीवाल्याचे ऐकून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पेडलला जपत, माणूस चालेल त्याहून थोड्या अधिक वेगाने आम्ही खाली आलो. पोलादपूरला हायवेलगत एका लहान गॅरेजात गाडी लावली तेव्हा पाऊण वाजला होता. मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आमची हकिगत अर्धी ऐकली आणि जॅक लावला.

डावे चाक निघाले आणि आतली गोष्ट सगळ्यांनी पाहिली. पॅडवरचा घासायचा थर संपून मागची लोखंडी पट्टी उघडी पडली होती आणि तिने डिस्कवर गोल गोल चऱ्या पाडल्या होत्या. उजवीकडच्या पॅडवर अजून बराच थर होता. मिस्त्रींनी डाव्या कॅलिपरची पिन हातात धरून हलवून दाखवली. ती गंजून जाम झाली होती. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला सोडत नव्हते. म्हणजे आमची गाडी महिनाभर डावे चाक अर्धवट आवळूनच फिरत होती. गाडीची डावी ओढ, काळी रिम, जास्त जळणारे पेट्रोल, सगळे त्या एका पिनपाशी येऊन थांबले. पंपवाल्याचा काही गुन्हा नव्हता.

"शिट्टीसारखा आवाज येत होता का?" मिस्त्रींनी विचारले. पॅडच्या कडेला पत्र्याची एक बारीक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते; ती त्यासाठीच बसवलेली असते. किंचाळणे थांबून खरखर सुरू झाली म्हणजे सांगायची वेळ टळली, लोखंड लोखंडाला लागले. भाईजान खाली बघत होते. कव्वालीचे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही नाही.

दिव्याचेही तसेच निघाले. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्या मागची जागा भरायला टाकीतले ऑइल खाली जाते. पातळी उतरली की वळणावर ऑइल एका अंगाला कलंडते आणि दिवा लागतो. हँडब्रेकला आणि ऑइलला बहुतेक गाड्यांत तोच एक दिवा असतो. "ब्रेकचं ऑइल इंजिनसारखं जळत नाही," मिस्त्री म्हणाले. "कमी झालं तर एक पॅड झिजलेत, नाहीतर कुठून गळतंय. वरून ओतलं की फक्त दिवा गप्प होतो." चाकाच्या आतल्या अंगाला ओल, गाडी उभी असते तिथे चाकाजवळ तेलकट डाग, किंवा सिग्नलला पाय दाबून ठेवला असता पेडल हळूहळू आत जात राहणे, या गळतीच्या खुणा. त्या दिसल्या तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत न्यायची नाही, मिस्त्रीला बोलवायचे.

त्यांनी टाकीतले थोडे ऑइल काचेच्या ग्लासात काढले. उकळून उकळून काळा झालेला चहा जसा, तसा रंग. शेजारी नव्या डब्यातले ओतले. ते जवळजवळ पाण्यासारखे, फिकट पिवळे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोऱ्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो; ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. घाटात चाक भाजून निघाले, ती धग कॅलिपरमधून ऑइलला लागली, ऑइलातल्या पाण्याची वाफ झाली. ऑइल दाबले जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली गेला. गाडी थंड झाल्यावर वाफेचे परत पाणी झाले आणि पेडल घट्ट लागले. भाईजान ज्याला "झालं ठीक" म्हणाले होते, ते पुढच्या लांब उतारावर पुन्हा तसेच झाले असते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आमच्या गाडीत ते कधी बदलल्याचे कोणालाच आठवले नाही.

मिस्त्रींचे हात चालू होते आणि आमचे प्रश्नही. आमचे मरहूम अब्बा घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून स्कूटर बंद करून सोडत, ते आम्ही सहज सांगितले. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. कारमध्ये हे कधीही करू नका, म्हणाले. पायाला मदत करणारा बूस्टर इंजिनावर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन दाबांपुरती मदत उरते, मग पेडल दगडासारखे कडक होते; शिवाय स्टिअरिंगही जड होते. न्यूट्रलमध्ये सोडले तर बूस्टर चालू राहतो, पण इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आणि इंजिन चालू असताना पेडल कडक लागले, तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्याच्या नळीत शोधायचा. पेडल थरथरते त्याचे काय, हे भाभींनी विचारले. त्यांच्या भावाची गाडी तशी करते. नव्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थडथडले तर ते एबीएसचे काम, घाबरायचे नाही आणि पायही काढायचा नाही. हलक्या ब्रेकला, रोजच, थरथरले तर डिस्क वाकडीतिकडी झिजली असे समजायचे.

हे ऐकायला बरे वाटत होते, पण घड्याळ दीड दाखवत होते. डाव्या चाकाची डिस्क आणि पिना महाडहून मागवाव्या लागणार होत्या. पोलादपूरहून खेड, आणि खेडहून फुरूसवरून दापोली, हा दोन तासांचा रस्ता. भाईजाननी हिशेब मांडला: आता पेडल चांगले आहे, घाट संपला, कशेडीला बोगदा झालाय, हळू जाऊ, साडेतीनला पोहोचू, काझीसाहेबांना अर्धा तास थांबायची विनंती करू. परतताना दुरुस्त करू. त्यांचे बोलणे चुकीचे होते असे त्या घटकेला आम्हाला वाटले नाही. आम्हीही मान डोलावली.

मिस्त्री म्हणाले, "बोगद्यातून गेलात तरी पलीकडे उतार आहेच. आणि खेडच्या पुढे सगळी वळणं. मी चाक बसवून देतो, पण पैसे घेणार नाही."

अम्मी स्टुलावर बसली होती. तिने निकाहसाठी घातलेला चांगला सूट, त्यावर अबाया. तिने विचारले, "वाटेत परत तसं झालं तर?" कोणी बोलले नाही. "मग नको," ती म्हणाली. "मामूची नात माझ्यावाचूनही कुबूल म्हणेल."

तिने स्वतः फोन करून सांगितले की आमची वाट पाहू नका, वेळेवर करा. आम्ही जवळच्या मशिदीत जोहर पढून आलो. महाडहून सामान यायला पावणेतीन झाले. तीन वाजून दहा मिनिटांनी भाच्याने तिकडून फोन लावला आणि आम्ही तो स्पीकरवर करून उभ्या टायरांच्या चळतीवर ठेवला. काझीसाहेबांचा आवाज मधूनमधून तुटत होता. हायवेवरून ट्रक गेला की काही ऐकू येत नव्हते. हाताखालचा पोरगा ड्रमवर हातोडी मारत होता. मिस्त्रींनी त्याला हाताने थांबवले. निकाहचे शब्द झाले, तिकडे मुबारकबादचा गलका झाला, इकडे अम्मीने दुआला हात उचलले. पोरगा हातोडी घेऊन तसाच उभा. मग पेढ्यांचे एक खोके उघडले आणि पहिला पेढा मिस्त्रींना दिला. ग्रीसचे हात पुसून त्यांनी तो घेतला आणि अम्मीला म्हणाले, "आई, मुलीला सुखात राहू दे."

नवी डिस्क फक्त डावीकडे बसवून भागेल का, हा आमचा प्रश्न त्यांनी कानाआड केला. पॅड आणि डिस्क पुढच्या दोन्ही चाकांना बरोबरच बदलतात, नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला ओढते. त्यांनी जोडीच मागवली होती. मागचे लायनर घासून बसवले, हँडब्रेकची तार आवळली, जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरले, आणि भाईजानना आत बसवून पेडल दाबायला लावत एकेका चाकाची एअर काढली. पाच वाजता निघालो. पहिले काही किलोमीटर नवे पॅड बसेपर्यंत सावकाश जा, एवढेच त्यांनी जाताना सांगितले.

पोहोचलो तेव्हा मगरीब होऊन गेली होती. रुखसती व्हायची होती. नवरीला गाडीत बसवायला अम्मी होती, एवढे मिळाले. मामूंची मोठी सून तिच्या गळ्यात पडून रडली. निकाहला तुम्ही नव्हता हे ती पुढचे दोन दिवस ज्याला त्याला सांगत होती. अम्मीने त्यावर काही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन आसूदवरून हर्णैला गेलो. आसूदचा उतार भाईजान दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. मागच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवून जीव खाल्ला, त्याला पुढे जाऊ दिले. बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला, सुरमई घेतली, रात्र तिथेच नातेवाइकांकडे काढली. पहाटे धुके आणि खारी हवा. सकाळी गाडी काढली आणि पहिल्याच ब्रेकला चाकातून खर्रर्र आवाज आला. सगळे दचकलो. लेकीने तर दरवाज्याची कडी धरली. भाईजाननी गाडी बाजूला घेऊन मिस्त्रींना फोन लावला. ते हसले बहुतेक. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर दमट हवेने गंजाचा पातळ थर येतो, चार-पाच ब्रेक मारले की निघून जातो. गेला नाही तर परत फोन करा. चौथ्या ब्रेकला आवाज गेला.

परतीच्या वाटेवर पोलादपूरला थांबून मिस्त्रींना सुक्या जवळ्याची पिशवी दिली आणि आंबेनळी चढायला लागलो. ती जागा भाईजाननी बरोबर ओळखली. गाडी चढावर उभी करून हँडब्रेक ओढला. चार-पाच कटकट झाले आणि गाडी जागची हलली नाही. त्या दिवशी चाकांपुढून काढलेल्या दगडांपैकी दोन चरीत होते, तिसरा मात्र गडबडीत डांबराच्या कडेवर राहून गेला होता, नेमका उतरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत. भाईजाननी तो उचलला आणि कठड्याला लावून ठेवला. अम्मीने काच खाली करून हाक मारली, "चल लवकर, केळघर उतरायचा आहे अजून."